संगणकासाठी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम : सोपी कोणती, निवडावी कोणती?

किराणा दुकान असो, यंत्रमागाचा कारखाना असो, छपाईचा व्यवसाय असो की एखाद्या शाळेचे वा मदरशाचे कार्यालय असो, संगणकावाचून आता कोणाचेच काम भागत नाही. बिले, हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, पत्रव्यवहार हे सर्व त्याच्यावर अवलंबून आहे. अशा वेळी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही; परंतु नव्या व्हायरसपासून आणि घुसखोरांपासून बचाव करणाऱ्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे येणे थांबले. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली. ती तात्पुरती सोय होती, कायमचा उपाय नव्हे.

विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिच्या अटी कडक आहेत. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि ठराविक यादीतलाच प्रोसेसर लागतो. साधारणपणे २०१७ पूर्वीचे संगणक या यादीत बसत नाहीत. म्हणजे सुस्थितीत चालणारा, बिले काढणारा संगणक केवळ या अटीमुळे जुना ठरतो.

अशा दुकानदारापुढे तीन वाटा उरतात. नवा संगणक विकत घेणे, कोणाकडून तरी चोरीची प्रत टाकून घेणे, किंवा कायदेशीरपणे मोफत मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरणे. पहिली वाट खर्चाची आहे. दुसरीविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. तिसऱ्या वाटेवर मात्र माणूस पहिल्याच पावलाला गोंधळतो, कारण तेथे एक नव्हे, शेकडो नावे समोर येतात. त्यांपैकी सोपी कोणती, आपल्या कामाची कोणती आणि निवड कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

संगणकाचे बटण दाबल्यावर पडदा उजळतो, कीबोर्डवर दाबलेले अक्षर उमटते, प्रिंटर कागद ओढतो. ही सारी यंत्रे आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये राहून कारभार पाहणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. दुकानात मालक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये जसा मुनीम असतो, तसे तिचे काम असते. विंडोज हा असा एक मुनीम आहे. तो एकटाच नाही.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. ज्याची रचना कोणालाही पाहता येईल, बदलता येईल आणि ज्याची प्रत दुसऱ्याला देता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टीम उभी करावी, हा त्यामागचा हेतू होता. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी अशा सिस्टीमचा गाभा तयार केला. तोच लिनक्स. पुढे हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. अँड्रॉईड मोबाईलच्या आत लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळे संगणक लिनक्सवर चालणारे आहेत. तेव्हा "फुकटचे ते टाकाऊ" हा समज येथे लागू पडत नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मोफत आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी वस्तू पैसे न घेता दिली तर ती मोफत झाली. परंतु तिची प्रत शेजाऱ्याला देण्याची, ती हवी तशी बदलून घेण्याची परवानगीही दिली, तर ती मुक्त झाली. लिनक्सच्या बहुतेक सिस्टीम मोफतही आहेत आणि मुक्तही. या परवानगीमुळेच त्यांची संख्या एवढी वाढली. ज्याला जे पटले नाही त्याने त्यात फेरफार करून स्वतःची नवी मांडणी काढली. अशा प्रत्येक तयार मांडणीला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. एकाच पिठाच्या कोणी पोळ्या कराव्यात, कोणी नान, कोणी रोट, तसाच हा प्रकार आहे.

चोरीच्या प्रतीचा प्रश्न

दुसऱ्या वाटेविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पैसे न देता टाकून घेतलेली विंडोज, हिशेबाचा किंवा डिझाईनचा प्रोग्राम आपल्या बाजारात इतका सर्रास झाला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. कायदा मात्र वेगळे सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे, बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यापाराच्या ओघात नसेल, तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर भागवण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे सवलत घरगुती वापरणाऱ्यासाठी आहे, धंदा करणाऱ्यासाठी नाही.

शरीअतच्या दृष्टीनेही ही बाब दुर्लक्षण्यासारखी नाही. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील आपल्या पाचव्या बैठकीत ठराव केला की, व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांवरील हक्क हे मूल्य असलेले हक्क असून शरीअत त्यांना संरक्षण देते व त्यांवर अतिक्रमण करणे जायज नाही. जो व्यापारी मापात पाप करणे हराम मानतो, त्याने आपल्या गल्ल्याशेजारी ठेवलेल्या संगणकात काय आहे याचाही विचार करावा. शिवाय व्यवहारही तेच सांगतो. कुलूप तोडून वाटलेल्या प्रतींतून व्हायरस शिरण्याचा धोका मोठा असतो, आणि नुकसान होते ते आपल्याच हिशेबाचे.

मुक्त सिस्टीममध्ये हा पेच मुळातच नाही. तेथे प्रत घेणे आणि देणे दोन्ही परवानगीने होते. रोजी हलाल ठेवण्यासाठी मोठा खर्च करावा लागतोच असे नाही, हे यातून दिसून येते.

सोपेपणा कशात असतो?

"लिनक्स अवघड असते" असे म्हणणारे आणि "लिनक्स विंडोजपेक्षाही सोपी आहे" असे म्हणणारे दोन्ही पक्ष अर्धीच गोष्ट सांगतात. केरळमधील सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकतात. त्यांना ती अवघड वाटत नाही. पंधरा वर्षे विंडोजवर काम केलेल्या मुनीमजींना मात्र पहिला आठवडा जड जातो. सवय हा सोपेपणाचा मोठा भाग आहे.

तो बाजूला ठेवला तर सोपेपणा चार गोष्टींवर तपासावा. पहिली, पडद्याची मांडणी ओळखीची वाटते का? दुसरी, संगणकाचे वाय-फाय, आवाज, प्रिंटर आपोआप ओळखले जातात का? तिसरी, नवा प्रोग्राम टाकणे आणि दुरुस्त्या घेणे किती कटकटीचे आहे? चौथी, काही अडले तर विचारायला कोण आहे? नवखा माणूस पहिल्या गोष्टीवर भाळतो. आमच्या मते व्यापाऱ्याने चौथीला सर्वाधिक वजन द्यावे, कारण दुकानात गिऱ्हाईक उभे असताना बिल अडले तर सुंदर पडदा उपयोगी पडत नाही.

मुख्य नावांची तुलना

लिनक्स मिंट : २००६ मध्ये क्लेमां लेफेव्र यांनी सुरू केलेली ही सिस्टीम विंडोजवरून येणाऱ्यास सर्वांत कमी परकी वाटते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, अशी जुन्या वळणाची मांडणी तिने मुद्दाम टिकवली आहे. किमान दोन जीबी आणि आरामात चालण्यासाठी चार जीबी मेमरी पुरते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दुरुस्त्या कधी घ्यायच्या हे ती विचारते. काम चालू असताना आपणहून संगणक बंद करून पुन्हा सुरू करत नाही.

उबुंटू : दक्षिण आफ्रिकेतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये ही आणली. नावाचा अर्थ माणुसकी असा आहे. एके काळी कंपनी तिच्या सीडी मागेल त्याला टपालाने मोफत पाठवत असे. २०११ मध्ये ती सोय बंद झाली. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. तिची मांडणी विंडोजहून वेगळी, डावीकडे उभी पट्टी असलेली आहे. चार जीबीपेक्षा कमी मेमरी असेल तर ती रेंगाळते. परंतु तिची माहिती असलेली माणसे सर्वांत जास्त आहेत, ही तिची जमेची बाजू.

झोरिन : डब्लिनमधील झोरिन बंधूंनी २००९ मध्ये काढली. विंडोजसारखे रूप हेच तिचे वैशिष्ट्य. तिची १८ वी आवृत्ती नेमकी १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे विंडोज १० ची देखभाल थांबली त्याच दिवशी प्रसिद्ध झाली. मूळ आवृत्ती मोफत आहे. जादा सोयींची प्रो आवृत्ती विकत मिळते. सामान्य दुकानाला मोफत आवृत्ती पुरेशी आहे.

डेबियन : १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प उबुंटूचा, आणि पर्यायाने मिंट व झोरिनचाही पाया आहे. कोणत्याही कंपनीची मालकी नाही. जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात. स्थैर्यात याचा हात धरणारे थोडेच. पूर्वी वाय-फायसाठी लागणारे काही पूरक भाग वेगळे शोधून टाकावे लागत. जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ते सोबतच येतात, त्यामुळे मोठी अडचण दूर झाली. तरीही पहिल्यांदाच लिनक्स घेणाऱ्यास कोणी जाणकार सोबत असलेला बरा.

फेडोरा : अमेरिकेतील रेड हॅट कंपनीच्या पाठबळावर २००३ पासून चालते. नवे ते प्रथम येथे येते. परंतु दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येकीला सुमारे तेराच महिने दुरुस्त्या मिळतात. शिकणाऱ्या तरुणांना ती उत्तम. दुकानाच्या गल्ल्यावर तिची घाई परवडत नाही.

बॉस : भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स. सरकारच्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केली. डेबियनवर आधारलेली असून भारतीय भाषांवर तिचा भर आहे. देशी प्रयत्न म्हणून तिचे महत्त्व आहेच. परंतु आपल्या गावात तिची माहिती असलेला माणूस मिळतो का, हे आधी पाहावे.

क्रोमओएस फ्लेक्स : गुगल कंपनीने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. जुन्या संगणकावर वेगाने चालते आणि वापरायला अतिशय सोपी आहे. परंतु ती मोफत असली तरी पूर्ण मुक्त नाही. तिच्यातील जवळजवळ सर्व कामे इंटरनेटवर आणि गुगलच्या खात्यातून होतात. ज्याचे सारे काम ब्राउझरमध्येच चालते त्याला ती चालेल.

फार जुन्या, एक-दोन जीबी मेमरीच्या संगणकांसाठी लुबुंटू, एमएक्स लिनक्स यांसारख्या हलक्या सिस्टीम आहेत. मात्र ३२ बिटांच्या अगदी जुन्या संगणकांचे दिवस भरत आले आहेत. डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी वेगळी प्रत काढणे थांबवले. लिनक्सच्या कुटुंबाबाहेरची फ्रीबीएसडी ही सिस्टीमही १९९३ पासून मोफत मिळते, पण तिचे खरे क्षेत्र सर्व्हर चालवणाऱ्या तंत्रज्ञांचे आहे.

एवढी निवड हवीच कशाला?

यादी वाचून कोणी म्हणेल, की या सर्वांनी मिळून एकच चांगली सिस्टीम का काढली नाही? हा प्रश्न रास्त आहे. निवडीचा गोंधळ हीच मोफत सिस्टीमची सर्वांत मोठी अडचण आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु २०११ सालची हकीकत याची दुसरी बाजू दाखवते.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्नोम नावाच्या प्रसिद्ध मांडणीने आपले रूप एकदम पालटले. उबुंटूनेही त्याच महिन्यात युनिटी ही नवी मांडणी आणली. जुना मेनू, जुनी पट्टी नाहीशी झाली आणि हजारो लोक नाराज झाले. तेव्हा काही जणांनी जुन्या ग्नोमचीच रचना घेऊन माटे या नावाने ती पुढे चालू ठेवली, आणि मिंटच्या मंडळींनी जुन्या वळणाची सिनॅमन ही मांडणी तयार केली. ज्यांना जुने हवे होते त्यांना जुने मिळाले, ज्यांना नवे आवडले ते नव्याकडे गेले. पुढे २०१७ मध्ये उबुंटूनेच युनिटी सोडून दिली.

याच सुमारास, २०१२ मध्ये, विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढून टाकले. विंडोजच्या ग्राहकांचीही नाराजी तेवढीच होती. पण त्यांच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते. २०१३ मध्ये बटण परत आले आणि पूर्ण मेनू परत यायला २०१५ ची विंडोज १० उजाडावी लागली. यावरून लक्षात येईल की निवड आणि सोपेपणा या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. निवड आहे म्हणूनच एकाने बिघडवलेले दुसऱ्याला सावरता येते. दहा दुकानांच्या बाजारात गिऱ्हाईक थोडे गोंधळते, पण एकाच दुकानाच्या गावात ते अडवले जाते.

आपल्या व्यवसायात काय चालेल, काय अडेल?

आता मुद्द्याचा प्रश्न. सिस्टीम कितीही चांगली असली तरी आपला प्रोग्राम तिच्यावर चालला नाही तर ती व्यर्थ आहे.

टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठी बनलेला आहे. ज्यांचा सारा हिशेब टॅलीत आहे त्यांनी तो संगणक घाईने बदलू नये. टॅली दूरच्या सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून वापरण्याची सशुल्क सोय आहे. वाईन नावाचा एक प्रोग्राम विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवतो, पण सगळेच नीट चालतील याची हमी नाही. त्याच्या नावावर मात्र कोणी जाऊ नये. ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे जोडनाव आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्या मोठ्या व्यवसायासाठी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्त प्रणाली आहे, परंतु ती बसवायला जाणकार लागतो.

जीएसटीचे पोर्टल ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे ते लिनक्सवरही उघडते. एकट्या मालकीच्या दुकानदाराला ओटीपीने विवरणपत्र दाखल करता येते. कंपन्यांना मात्र डिजिटल सही सक्तीची असते आणि तिची व्यवस्था विंडोजवर सुलभ जाते. बोटांचे ठसे घेणारी आधारची यंत्रे बहुधा विंडोज आणि अँड्रॉईडसाठीच बनलेली असतात. म्हणून सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी एक कायदेशीर विंडोज संगणक ठेवावाच.

पत्रे, तक्ते, दरपत्रके यांसाठी लिबरऑफिस पुरेसे आहे. वर्ड आणि एक्सेलच्या फायली त्यात उघडतात. गुंतागुंतीच्या तक्त्यांत कधी कधी मांडणी हलते, ती तपासून घ्यावी. बारकोड वाचणारे यंत्र कीबोर्डसारखेच काम करत असल्याने सहसा अडत नाही. प्रिंटरचे मात्र एकेकाचे वेगळे असते. एचपीचे बरेच प्रिंटर लगेच ओळखले जातात. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणे खटपटीचे आहे. प्रिंटर आधी तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

छपाईवाल्यांची अडचण सर्वांत मोठी आहे. कोरलड्रॉ, श्रीलिपी, उर्दूसाठी इनपेज हे सर्व विंडोजवर वाढलेले प्रोग्राम आहेत. जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय दुसरीकडे वाचता येत नाही. नवा मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये करणाऱ्यास मात्र अडचण नाही. लिनक्समध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि उर्दूसाठी फोनेटिक कीबोर्ड सोबतच मिळतात, आणि नोटो नस्तालिक हा मोफत फॉन्ट टाकला की लिबरऑफिसमध्ये नस्तालिक लिपीत उर्दू लिहिता येते. शाळा, मदरसे आणि मशिदींच्या विश्वस्त मंडळांच्या पत्रव्यवहाराला एवढे पुरते. लग्नपत्रिकेची बारीक सजावट करणाऱ्यास इंकस्केप आणि स्क्रायबस शिकावे लागतील, आणि त्याला वेळ द्यावा लागेल.

तीन अनुभव, एक धडा

जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले. तरीही कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणी पुढे करून २०१७ मध्ये पालिकेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले.

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने दुसरी रीत वापरली. त्यांनी २००५ मध्ये विंडोज तशीच ठेवून फक्त ऑफिसचा प्रोग्राम बदलला आणि ओपनऑफिस घेतले. मग ब्राउझर आणि ईमेलचा प्रोग्राम बदलला. लोकांचा हात नव्या प्रोग्रामवर बसल्यानंतर, २००८ पासून, हळूहळू उबुंटू आणली. आज त्यांचे सुमारे एक लाख संगणक तिच्यावर चालतात.

तिसरा अनुभव आपल्याला जवळचा आहे. २००७ मध्ये काही मुस्लिम तरुणांनी उबुंटूची मुस्लिम आवृत्ती काढली. पुढे तिचे नाव साबिली झाले. नमाजच्या वेळा, कुरआनच्या अभ्यासाचा प्रोग्राम असे बरेच काही तिच्यात होते. नीयत नेक होती, काम चांगले होते. पण मागे मनुष्यबळ थोडे होते आणि २०११ नंतर तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या नाहीत. जे तिच्यावर विसंबले त्यांना पुन्हा दुसरी शोधावी लागली.

या तिन्हींचा धडा एकच. आधी काम हलवावे, मग सिस्टीम. आणि निवडताना रूप किंवा नाव न पाहता तिच्यामागे किती हात उभे आहेत ते पाहावे.

पाऊल कसे टाकावे?

पहिला महिना विंडोज तशीच ठेवून तिच्यावरच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरावे. दोन्ही तेथेही मोफत चालतात. आपण दिवसभरात कोणते प्रोग्राम आणि यंत्रे वापरतो याची कागदावर यादी करावी. विंडोजशिवाय न चालणाऱ्या गोष्टींवर खूण करावी.

त्यानंतर मिंटची फाईल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन आठ जीबीच्या पेन ड्राईव्हवर उतरवावी. या पेन ड्राईव्हवरून संगणक सुरू केला तर हार्ड डिस्कवरील विंडोजला धक्का न लावता सिस्टीम वापरून पाहता येते. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, जीएसटीचे पोर्टल उघडते का, मराठी व उर्दू टाईप होते का, हे एका दुपारी कळते. मिंटवर एखादे यंत्र अडले तर उबुंटूने असेच पाहावे. या दोन्हींपलीकडे सुरुवातीला जाऊ नये.

सर्व ठीक वाटले तरी कायमची बसवण्यापूर्वी हिशेब, फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती उघडून तपासावी. प्रत न घेता सिस्टीम बदलणे म्हणजे खतावणी न पाहता दुकान विकणे होय. शक्य असेल तर पहिल्यांदा दुकानातील दुय्यम संगणकावर बसवावी, मुख्य संगणकावर नव्हे. मार्च महिन्यात, वर्षअखेरीच्या गडबडीत तर हा उद्योग मुळीच करू नये.

एक गोष्ट आणखी. वस्तीतील दोन-चार दुकानदारांनी मिळून एकच सिस्टीम निवडावी आणि संगणकाची जाण असलेल्या एखाद्या होतकरू मुलाला तिची देखभाल सोपवून योग्य मोबदला द्यावा. जो पैसा परवान्यात गेला असता त्याचा थोडा भाग आपल्याच मुलाच्या हुनरीला मिळेल, आणि विचारायला माणूस हाकेच्या अंतरावर असेल. मघाशी सांगितलेल्या चौथ्या कसोटीला याहून चांगले उत्तर नाही.

सारांश, ज्याचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि साध्या बिलांचे आहे त्याने निःशंकपणे मिंट घ्यावी. ज्याच्याजवळ उबुंटू जाणणारा माणूस आहे त्याने उबुंटू घ्यावी. ज्याचा धंदा टॅली, इनपेज वा ठशांच्या यंत्रावर उभा आहे त्याने त्या एका संगणकापुरता विंडोजचा परवाना पैसे मोजून घ्यावा आणि बाकीचे संगणक मुक्त सिस्टीमवर न्यावेत. यांपैकी कोणतीही निवड कायद्यात बसते आणि मनालाही खटकत नाही. जुना संगणक अजून काही वर्षे चालेल, खर्च वाचेल, आणि गल्ल्याशेजारचे ते यंत्रही आपल्या कमाईइतकेच स्वच्छ राहील.